पंपाचा काटा खाली आला, पण व्हॉल्व्ह चांगला होता : एका ईजीआर तक्रारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, पण जुन्या पद्धतीचा, नुसतं ऑक्सिडेशन करणारा. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन तो जाळून टाकतो. नायट्रोजन ऑक्साइड जसेच्या तसे बाहेर पडतात. या गाडीत ते रोखण्याचं जवळपास सगळं काम एकट्या ईजीआर व्हॉल्व्हवर आहे. पुढचे बरेचसे निर्णय याच गोष्टीवर ठरले.

ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशनचं तत्त्व साधं आहे. एक्झॉस्टमधला थोडा गॅस परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडायचा. हा गॅस एकदा जळून झालेला असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये तो जागा अडवतो, उष्णता शोषतो, पण स्वतः जळत नाही. ज्वलनाचं कमाल तापमान त्यामुळे खाली येतं. साधारण 1370 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने एकत्र यायला लागतात; तिथवर पोहोचू द्यायचं नाही, एवढाच उद्देश. अमेरिकेत 1973 च्या मॉडेलपासून हा व्हॉल्व्ह सर्रास बसू लागला आणि पुढची कित्येक वर्षं तो निव्वळ व्हॅक्यूमवर चालत होता. या गाडीतलाही तसाच.

व्हॉल्व्ह म्हणजे पत्र्याची चपटी डबी. आत रबरी डायफ्रॅम, त्यावर स्प्रिंग, खाली दांडी आणि दांडीच्या टोकाला सीटवर टेकणारं झाकण. डबीत व्हॅक्यूम आला की डायफ्रॅम वर खेचला जातो, दांडी उचलते, गॅसची वाट उघडते. व्हॅक्यूम येतो कार्ब्युरेटरवरच्या एका छोट्या पोर्टमधून. थ्रॉटलची चकती बंद असताना हा पोर्ट तिच्या वरच्या बाजूला राहतो, म्हणून आयडलला तिथे व्हॅक्यूम शून्य. अॅक्सिलरेटर थोडा दाबला की चकतीची कड पोर्टच्या पुढे सरकते आणि व्हॅक्यूम मिळू लागतो. मधल्या वाटेवर कूलंटच्या तापमानावर चालणारा थर्मल व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसवलेला. इंजिन गरम होईपर्यंत तो वाट बंद ठेवतो.

अडचण

मालकांच्या तक्रारी दोन होत्या. गाडी गरम झाल्यावर, चढावर, अर्ध्या अॅक्सिलरेटरला इंजिन नॉक करायचं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. आणि रोलरवर लोड देऊन केलेल्या उत्सर्जन चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेबाहेर. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे व्यवस्थित होते. आयडलवरच्या साध्या चाचणीत ही गाडी आरामात पास झाली असती, कारण लोड नसताना तापमान चढत नाही आणि नायट्रोजन ऑक्साइड दिसतच नाहीत.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे हाताच्या व्हॅक्यूम पंपाने तपासून ईजीआर व्हॉल्व्ह नवा टाकला होता. नॉकिंग कमी झालं, पण गेलं नाही. चाचणीत गाडी पुन्हा नापास. जुना व्हॉल्व्ह मालकांनी मागून घेतला होता आणि डिकीत ठेवला होता. पुढे तो फार कामाला आला.

पहिला निर्णय : टायमिंग आधी जागेवर

टायमिंग लाइट लावल्यावर दिसलं की इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मॅन्युअलपेक्षा पाच अंश मागे घेतलेलं आहे. नॉकिंग अर्धवट का थांबलं, ते इथे कळलं.

हा मोह मला समजतो. टायमिंग मागे घेतलं की नॉकिंग कमी होतं, इतकंच काय, नायट्रोजन ऑक्साइडही थोडे उतरतात. पण पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं, एक्झॉस्ट विनाकारण तापतो. तपासणीच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे मूळ दोषावर पांघरूण पडतं. ईजीआरचा गॅस मिसळला की मिश्रण हळू जळतं, हे धरूनच कारखान्यात टायमिंगचा अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची ते, ठरवलेला असतो. गॅस आला नाही तर तोच अॅडव्हान्स जास्त होतो. म्हणजे नॉकिंगचा आवाज हाच आपला मापक. तो दाबून ठेवला तर पुढचं काम डोळे मिटून करावं लागेल.

म्हणून टायमिंग मॅन्युअलप्रमाणे परत आणलं आणि गाडी चढावर नेली. नॉकिंग आता स्पष्ट, न शोधता ऐकू येणारं. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र ते जवळजवळ नाहीसं व्हायचं. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळपास शून्यावर येतो, त्यामुळे ईजीआर तेव्हा तसाही मिटतो आणि डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्सही (व्हॅक्यूमच्या जोरावर ठिणगी आणखी आधी पाडणारी सोय) सुटतो. इंधन हलकं असतं किंवा सिलिंडरमध्ये कार्बन साचून कॉम्प्रेशन वाढलेलं असतं, तर पूर्ण लोडवर आवाज वाढला असता. फक्त अर्ध्या थ्रॉटलला, फक्त गरम इंजिनवर नॉकिंग म्हटल्यावर संशय ईजीआरवर किंवा व्हॅक्यूम अॅडव्हान्सवर जातो. डिस्ट्रिब्युटरची नळी काढून, अॅडव्हान्स मोजून पाहिला. तो मापात होता.

दुसरा निर्णय : नवा व्हॉल्व्हही खराब समजायचा का?

हाताच्या व्हॅक्यूम पंपाची नळी व्हॉल्व्हच्या निपलला लावली, इंजिन बंद ठेवून दांडा दाबला. गेजचा काटा पाऱ्याच्या दहा इंचापर्यंत चढला आणि दांडा सोडताच खाली घसरला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कान जवळ नेला तर डबीच्या खालच्या फटींमधून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

आमचा तरुण मेकॅनिक लगेच म्हणाला, "उस्ताद, हाही फाटकाच निघाला. नवा असून धरत नाही."

"धरायला पाहिजे असं कुठे लिहिलंय, ते आधी दाखव बाळा," उस्ताद म्हणाले.

सगळं प्रकरण इथे वळलं, म्हणून जरा थांबून सांगतो. साध्या, एका डायफ्रॅमच्या व्हॉल्व्हला पंप लावला की काटा अर्धा मिनिट तरी जागचा हलता कामा नये; हलला तर डायफ्रॅम फाटलाय. पण व्हॅक्यूमवरचे सगळे ईजीआर व्हॉल्व्ह साधे नसतात. काहींच्या आत बॅकप्रेशर ट्रान्सड्यूसर असतो. दांडी पोकळ असते, तिच्यातून एक्झॉस्टचा दाब वर चढतो आणि आतल्या दुसऱ्या, लहान डायफ्रॅमवर येतो. या लहान डायफ्रॅमजवळ एक छिद्र असतं, त्यातून बाहेरची हवा आत येऊन व्हॅक्यूम मोडत राहते.

पॉझिटिव्ह प्रकारात हे छिद्र एरवी उघडं असतं. एक्झॉस्टमध्ये पुरेसा दाब झाला की ते मिटतं, मग व्हॅक्यूम टिकतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन बंद असताना असा व्हॉल्व्ह पंपाला धरणारच नाही. धरला, तर उलट शंका घ्यावी. निगेटिव्ह प्रकारात छिद्र एरवी मिटलेलं असतं, म्हणून बंद इंजिनवर काटा स्थिर राहतो आणि इंजिन चालू होताच पडतो. जनरल मोटर्सच्या व्हॉल्व्हवर क्रमांकाच्या शेवटी 'पी' किंवा 'एन' अक्षर ठोकलेलं असतं, ते याचसाठी. सगळ्याच गाड्यांवर अशी खूण नसते. तिथे मॅन्युअल उघडावं लागतं.

आणि फुसफुस? डायफ्रॅम फाटला तरी आवाज डबीच्या त्याच फटींमधून येतो, छिद्र उघडं असलं तरी तिथूनच. कानाने हा फरक कळत नाही. या गाडीचा व्हॉल्व्ह मॅन्युअलप्रमाणे पॉझिटिव्ह बॅकप्रेशरचा होता. म्हणजे काटा पडला यावरून व्हॉल्व्ह चांगला की वाईट, काहीच ठरत नव्हतं.

मग डिकीतला जुना व्हॉल्व्ह बाकावर घेतला. पंपाने व्हॅक्यूम देत राहिलो, दांडी हलली नाही. तसंच देत असताना खालच्या एक्झॉस्टच्या तोंडातून हवेचा हलका झोत सोडला. दांडी टक्कन वर गेली. झोत थांबवला, परत बसली. पुन्हा करून पाहिलं, तसंच. जुना व्हॉल्व्ह ठणठणीत होता. मालक तिथेच उभे होते. त्यांनी दांडीची हालचाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि काही वेळ ते बोललेच नाहीत.

समोर असलेले पर्याय

नॉकिंग थांबवायचे सोपे मार्ग होते. टायमिंग पुन्हा मागे घ्यायचं, किंवा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरायला सांगायचं. ऑक्टेनने आवाज गेला असता, नायट्रोजन ऑक्साइड तेवढेच राहिले असते. मालकांच्या ओळखीतल्या कुणीतरी ईजीआरची वाट प्लेट लावून बंद करायचाही सल्ला दिला होता. त्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. गॅस मिळत नाही हीच तर तक्रार होती. शिवाय अनेक देशांत असा फेरफार बेकायदा आहे, आणि हा धूर श्वासात घेणाऱ्या माणसांसाठी तो कायदा आहे.

एक पर्याय मात्र विचार करण्यासारखा होता : याच मापाचा साधा, ट्रान्सड्यूसर नसलेला व्हॉल्व्ह बसवायचा. तो व्हॅक्यूम मिळाला की बिनशर्त उघडतो. पण मग लोड कमी असतानाही गॅस भरपूर शिरतो, इंजिन हिसके देतं, हायड्रोकार्बन वाढतात. बॅकप्रेशरचा व्हॉल्व्ह लोडप्रमाणे गॅस मोजून सोडतो. इंजिनावर ताण जास्त तेव्हा एक्झॉस्टचा दाब जास्त, म्हणून गॅसही जास्त. ही मोजणी घालवायची आमची तयारी नव्हती.

राहिला एकच रस्ता. पोर्टपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळी वाट टप्प्याटप्प्याने तपासायची, आणि प्रत्येक टप्प्याला आधी ठरवायचं की चांगलं असेल तर काय दिसलं पाहिजे.

केलेली तपासणी

इंजिन आयडलला, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम 18 इंच. निरोगी इंजिनाला समुद्रसपाटीजवळ 17 ते 21 इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम मिळतो. उंचीवर दर 300 मीटरला सुमारे एक इंच कमी धरायचा. काटा स्थिर होता. म्हणजे इंजिनात किंवा नळ्यांत मोठी गळती नाही.

बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या आकृतीशी एकेक नळी ताडून पाहिली. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या काळ्या नळ्या कुणीतरी अदलाबदल करून लावतं आणि पुढचे कित्येक महिने गाडी तशीच धावते, हे वारंवार दिसतं. इथे सगळ्या जागेवर होत्या.

थर्मल व्हॅक्यूम व्हॉल्व्ह थंड इंजिनावर बंद, गरम इंजिनावर उघडा, जसा हवा तसा. पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हचा डायफ्रॅमही पंपाला धरत होता. तो साध्या प्रकारचा, त्यामुळे त्याच्यासाठी पंपाचा निकाल पुरेसा.

ईजीआरची नळी काढून थेट गेजला लावली. आयडलला शून्य, थ्रॉटल थोडा उघडल्यावर आठाच्या आसपास. मग टी जोडून व्हॉल्व्हही सोबत लावला, तर त्याच थ्रॉटलला गेज जेमतेम दोन-अडीच दाखवू लागलं. पोर्ट व्हॅक्यूम देत होता, पण व्हॉल्व्हच्या छिद्रातून तो निघून जात होता. एवढ्यावर निष्कर्ष काढणं घाईचं झालं असतं, कारण उभ्या गाडीत, लोडशिवाय, एक्झॉस्टचा दाब मुळातच कमी असतो. असा व्हॉल्व्ह जागेवर रेस करून उघडला नाही म्हणून त्याला नापास करणं ही दुसरी नेहमीची फसगत.

म्हणून लांब नळी घेऊन गेज केबिनमध्ये आणलं आणि गाडी चढावर नेली. अर्धा थ्रॉटल, इंजिन ताणात, नॉकिंग सुरू. काटा तीनच्या वर जाईना.

आता गॅसची वाट. इंजिन आयडलला ठेवून, जाड हातमोजा घालून, डबीखालून डायफ्रॅम बोटाने वर ढकलला. इंजिन लगेच अडखळलं, सोडला नसता तर बंद पडलं असतं. म्हणजे मॅनिफोल्डमधली वाट काजळीने बुजलेली नाही. व्हॉल्व्ह उघडूनही इंजिनावर काही परिणाम झाला नसता, तर व्हॉल्व्ह बाजूला ठेवून आम्ही खरवडायला बसलो असतो.

शेवटची चाचणी निर्णायक ठरली. गाडी मोकळ्या हवेत उभी केली, शेपटीच्या पाइपच्या तोंडात पाइपपेक्षा बऱ्याच लहान मापाचं लोखंडी सॉकेट बसवून वाट अर्धवट अडवली. पूर्ण नाही, आणि थोडाच वेळ. एकाने पंप चालवला, दुसऱ्याने आरशातून दांडी पाहिली. पंपाचा काटा चढला आणि टिकला. दांडी उचलली. इंजिन थरथरलं. सॉकेट काढताच काटा घसरला, इंजिन शांत.

व्हॉल्व्ह चांगला, पोकळ दांडी मोकळी, ट्रान्सड्यूसर चांगला, व्हॅक्यूम आहे, गॅसची वाट आहे. नव्हता तो फक्त एक्झॉस्टचा दाब.

मग एक्झॉस्ट पाहिला. गळती कुठेच नाही, कन्व्हर्टर आतून पोकळ केलेला नाही. सायलेन्सर मात्र मूळचा नव्हता. आत पडदे नसलेला, सरळ आरपार भोकाचा, बाहेरून अगदी मूळच्यासारखा. मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जुना गंजून सडला होता, म्हणून बदलला. आवाज थोडा जाड झालाय, पण गाडी मोकळी पळते म्हणून बरं वाटलं." नॉकिंग त्यानंतरच सुरू झालं होतं. दोन गोष्टींचा संबंध असेल, हे त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

परिणाम

पाइपात वॉशर टाकून दाब वाढवायचा एक उपाय कुणीतरी सुचवला. त्याने काटा नक्की चढला असता, पण किती अडवायचं ते कोण ठरवणार? जास्त अडलं तर इंजिन घुसमटेल. आम्ही गाडीच्या मूळ मापाचा सायलेन्सर मागवला.

तो बसवल्यावर त्याच चढावर, त्याच गियरमध्ये केबिनमधल्या गेजचा काटा सातवर जाऊन थांबला. पूर्ण थ्रॉटलला शून्याकडे आला, सोडल्यावर परत चढला. टायमिंग मॅन्युअलप्रमाणेच होतं आणि नॉकिंग नव्हतं. मालकांच्या परवानगीने जुना ईजीआर व्हॉल्व्ह परत बसवून तीच फेरी पुन्हा मारली. काट्यात फरक नाही. शेवटी त्यांनी जुनाच गाडीत ठेवायचा ठरवलं. रोलरवरच्या फेरचाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेत आले. चढावर गाडी आधीपेक्षा थोडी जड वाटते असं ते म्हणाले आणि ते खोटं नाही. आरपार सायलेन्सरचा मोकळेपणा गेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजमध्ये चूक पंप वापरण्यात नव्हती. पंप लावण्याआधी व्हॉल्व्हचा प्रकार बघितला गेला नाही, आणि नवा बसवल्यावर त्याच पंपाने त्याचीही चाचणी झाली नाही. झाली असती तर नवाही 'फाटका' निघाला असता आणि कुणीतरी थबकलं असतं. नवा आणि जुना भाग एकाच चाचणीत सारखेच नापास होत असतील, तर आधी चाचणीकडे बघायला हवं.

आमच्या क्रमातही सुधारणेला जागा आहे. "तक्रार सुरू व्हायच्या आधी गाडीवर कोणतं काम झालं?" हा प्रश्न जॉब कार्डवर नव्हता; आता आहे, आणि त्यात एक्झॉस्टचं काम वेगळं विचारलं जातं. केबिनमध्ये गेज घेऊन मारलेली फेरीही पहिल्या तासात व्हायला हवी होती. बाकावर जे दिवसभरात कळत नाही, ते लोडवर काही मिनिटांत दिसतं.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. एक्झॉस्टचा दाब आकड्यात मोजायला हवा होता, असं उस्तादांचं म्हणणं. या गाडीला ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे गेज लावायला तयार जागा नव्हती. कन्व्हर्टरच्या आधी पाइपला भोक पाडून नंतर ते बुजवावं लागलं असतं. शिवाय दाबाचे जे ठोकताळे वापरात आहेत, आयडलला दीड पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड) आत, मिनिटाला 2500 फेऱ्यांना तीनच्या आत, ते तुंबलेला एक्झॉस्ट पकडण्यासाठी आहेत. दाब किती कमी चालेल, हे या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही. माझ्या मते सॉकेटच्या चाचणीने जे दाखवलं, ते आकड्याने जास्त स्पष्ट झालं नसतं. उस्ताद म्हणतात, सायलेन्सर बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर, असे दोन्ही आकडे हाताशी असते तर पुढच्या अशा गाडीला उपयोगी पडले असते. हे मला मान्य आहे. पुढची अशी गाडी आली आणि मालकांची हरकत नसली, तर भोक पाडून मोजायचं ठरलं आहे.